रोजचे अन्न, गुणसंवर्धन आणि स्त्रियांचे पोषण : एक प्रस्तावना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पाळी येणाऱ्या वयातील स्त्रीला २९. उष्मांकांची गरज मात्र याच्या उलट आहे. स्त्रीला त्या पुरुषापेक्षा कमी लागतात. म्हणजे ज्या ताटात अन्न कमी असायचे, त्याच ताटात लोह दीडपट हवे. स्त्रियांच्या पोषणाची खरी अडचण या दोन आकड्यांत आहे. पोटभर जेवणाऱ्या सुखवस्तू घरातील बाईचेही रक्त कमी निघते, याचे मोठे कारण हेच.

दर महिन्याच्या पाळीत रक्ताबरोबर लोह जाते. एका गर्भारपणात सुमारे एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम लोह खर्ची पडते. पाठोपाठची बाळंतपणे झाली तर तो साठा भरून यायला अवधीच मिळत नाही. त्यात वाढप घरच्या रीतीने होते. घरातले सगळे जेवून उठल्यावर बाई बसते. तेव्हा भाजी तळाला गेलेली असते, डाळ पातळ केलेली असते आणि भूक भागते ती भाकरी किंवा भातावर. ही केवळ जुन्या काळची किंवा केवळ गरिबाघरची गोष्ट नाही. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये ते ५४.२ टक्के होते आणि त्याआधीच्या २०१५–१६ च्या पाहणीत ४८. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात हा आकडा वाढला, ही गोष्ट मनाला लागायला हवी.

बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजले की शिरेतून काढलेल्या रक्तापेक्षा वेगळा आकडा येऊ शकतो, म्हणून या टक्केवारीबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ते गंभीर आहेत आणि त्यांचा विचार पुढे येईल. पण जिना चढताना लागणारी धाप, दुपारनंतर गळून जाणारे अंग, बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावानेही धोक्यात येणारा जीव आणि कमी वजनाचे मूल यांचा अनुभव ग्रामीण रुग्णालयातील कोणत्याही परिचारिकेला आहे. ‘बायकांना थकवा यायचाच’ या समजुतीखाली तो वर्षानुवर्षे दडपला गेला आहे.

कमतरता एकट्या लोहाची नाही. फॉलिक आम्ल, जीवनसत्त्व बी-१२, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन यांचीही आहे. ती भरून काढायचे तीन मार्ग आहेत. पहिला आणि सर्वांत चांगला म्हणजे आहारच सुधारणे: हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, फळे, दूध, अंडी, मासे. त्याला पैसा लागतो, बाजार जवळ लागतो आणि घरात बाईचा शब्द चालावा लागतो. दुसरा मार्ग गोळ्यांचा. रक्तक्षय रोखण्यासाठी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. आज गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस दिली जाते. गोळी हातात पडणे आणि ती पोटात जाणे यांत मात्र अंतर राहते. मळमळते, पोट बांधले जाते, शौच काळे होते आणि पट्टी अर्धी राहते. तिसरा मार्ग अन्नाच्या गुणसंवर्धनाचा, म्हणजे फोर्टिफिकेशनचा. जे अन्न घरात रोज येतेच त्यात कमी असलेले पोषक घटक तयार होतानाच अल्प प्रमाणात मिसळायचे. इथे बाईला काही लक्षात ठेवावे लागत नाही, वेगळे विकत घ्यावे लागत नाही, कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ज्या घरांत तिच्यासाठी वेगळे काही आणले जात नाही, तिथे या गोष्टीचे मोल फार आहे.

या मार्गाचे सर्वांत यशस्वी उदाहरण मिठाचे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंड इतका सर्रास होता की फुगलेली मान कुणाला नवल वाटत नसे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मोठा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि एका भागात साधे. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. त्या पुराव्याच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढची वाटचाल सरळ नव्हती. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

गलगंड पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो. पण आयोडीनचे त्याहून मोठे काम गर्भाच्या मेंदूसाठी आहे. आईच्या शरीरात ते कमी असेल तर मुलाच्या बुद्धीचे झालेले नुकसान नंतर भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते आणि गर्भवतीला २५०. भारतात ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेले तर त्यातून १५० मायक्रोग्रॅम मिळते. मीठ कमी खाण्याचा सल्ला आता सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे. म्हणून मिठातील आयोडीन नीट टिकणे अधिकच गरजेचे ठरते: बरणीला घट्ट झाकण हवे, ती चुलीच्या धगीपासून दूर हवी आणि ओलसर खडेमीठ वर्षभराचे भरून ठेवू नये.

मीठ यशस्वी झाले त्याची कारणे पाहिली म्हणजे इतर पदार्थ का अडखळतात ते कळते. मीठ प्रत्येक घर विकत घेते. ते समुद्रकिनारी किंवा खाऱ्या रणात ठरावीक ठिकाणीच पिकते आणि थोड्या कारखान्यांतून पुढे जाते. श्रीमंत असो वा गरीब, खाण्याचे प्रमाण जवळपास सारखे. आयोडीन मिसळण्याचा खर्च नगण्य, आणि रंग, चव, वास काहीच बदलत नाही. लोहाच्या बाबतीत यातले जवळजवळ काहीच सोपे नाही.

लोहाकडे वळण्यापूर्वी फॉलिक आम्लाचा विचार करायला हवा, कारण केवळ स्त्रियांच्या दृष्टीने पाहिले तर गुणसंवर्धनाची सर्वांत बळकट बाजू तीच आहे. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. त्या वेळी बहुतेक स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हेच ठाऊक नसते. नलिका नीट मिटली नाही तर मूल मेंदूच्या किंवा कण्याच्या गंभीर व्यंगासह जन्मते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिले, तेव्हा व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. दवाखान्यात नाव नोंदवल्यावर सुरू होणारी गोळी इथे उशिराच पोहोचते. म्हणून अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पिठात फॉलिक आम्ल सक्तीचे केले, २००० मध्ये चिलीनेही केले, आणि पुढे अनेक देश त्या वाटेने गेले.

महाराष्ट्रात हा विचार आणायचा तर पहिलाच प्रश्न पिठाचा येतो. चिली किंवा अमेरिकेत पीठ मोठ्या गिरण्यांतून येते; तिथल्या गिरणीत एक यंत्र बसवले की लाखो घरांना पुरते. इथे ज्वारी, बाजरी आणि गहू घरी निवडले जातात आणि डबा भरून कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणले जातात. त्या गिरणीवाल्याच्या हाती जीवनसत्त्वांची अचूक मापे देणे व्यवहार्य नाही. बांधीव पाकिटातील आट्याला मानके आहेत, पण तो आटा शहरी मध्यमवर्गाचा. सोलापूर, बीड किंवा जालन्याच्या खेड्यात भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत तो जात नाही. दूध आणि तेलाचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१८ च्या नियमांनी तांदूळ, आटा, मीठ, तेल आणि दूध यांची मानके ठरवली. निळ्या रंगातील ‘+एफ’ ही खूण तेव्हापासून पाकिटांवर दिसते. तेलात दर ग्रॅमला ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि थोडे ड जीवनसत्त्व असते. दिवसाच्या २० ग्रॅम तेलातून १२० ते सुमारे २०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळू शकते, आणि ते तेलात विरघळणारे असल्यामुळे शरीराला मानवतेही. सुटे तेल आणि घाण्याचे तेल मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहते. गुणसंवर्धित दुधाचा मुख्य लाभ दूध पिणाऱ्याला होतो. ज्या बाईच्या वाट्याला दूध फक्त चहात येते तिला तो किती होणार?

उरतो तांदूळ. रेशन दुकान, अंगणवाडी आणि शाळेचा पोषण आहार यांतून सरकार स्वतः तांदूळ वाटते, त्यामुळे तो थोड्या हातांतून जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पथदर्शी योजना मंजूर झाली, १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतील सर्व तांदूळ गुणसंवर्धित करण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतच्या पुरवठ्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांना मंजुरी दिली. रीत अशी: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून, पाणी घालून, यंत्रातून दाबून पुन्हा दाण्यासारखे दाणे पाडायचे, वाळवायचे आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळायचे. एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असावे असे मानक आहे.

हा घडवलेला दाणा किंचित वेगळा दिसतो, आणि इथेच एक घरगुती अडचण उभी राहते. तांदूळ निवडणाऱ्या बाईचा हात सवयीने वेगळा दाणा बाजूला काढतो. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही अफवा अशाच दाण्यांवरून गावोगाव पसरली. कोट्यवधी रुपये खर्चून घातलेले पोषण सुपातून बाहेर जात असेल, तर दोष त्या बाईचा नाही. तिला आधी कुणी सांगितले नाही, याचा आहे. रेशन दुकानाच्या फळीवरचा एक फलक आणि आशा ताईंचे दोन शब्द यांनी हे काम होण्यासारखे आहे.

आता हिशेब मांडू. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला यातून ५.६ ते ८.५ मिलिग्रॅम लोह मिळेल. तिच्या २९ च्या गरजेपैकी पाचवा हिस्सा ते जेमतेम तिसरा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा किंवा कोकण या भाताच्या मुलखात हे घडू शकते. जिथे मुख्य अन्न भाकरी आहे आणि भात शेवटच्या दोन घासांपुरता, तिथे हाच आकडा निम्म्याहून खाली जातो. शिवाय पोटात गेलेले सगळे लोह रक्तात जात नाही. सहज शोषले जाणारे लोहक्षार अन्नाचा रंग आणि चव बिघडवतात. म्हणून तांदळात फेरिक पायरोफॉस्फेट वापरतात. ते पांढरट आणि बेचव आहे, पण शरीर ते कमी शोषते. धान्यातील फायटेट आणि जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिन शोषण आणखी घटवतात. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोशिंबीर यांतील क जीवनसत्त्व ते वाढवते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि त्याचा प्रचार तांदळाच्या प्रचाराइतकाच व्हायला हवा.

पुरावा काय सांगतो? तो एकसुरी नाही. दार्जिलिंगच्या चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या स्त्रियांना लोह आणि आयोडीन दोन्ही असलेले मीठ काही महिने दिले, तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा वाढला. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि शेरॉन बार्नहार्ट यांनी बिहारच्या खेड्यांत तसेच मीठ विकून आणि फुकट वाटून पाहिले. तिथे एकूण लोकसंख्येच्या रक्तक्षयावर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. तांदळावरील चाचण्यांचा २०१९ चा कोक्रेन आढावाही सावध आहे: रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा, असे तो नोंदवतो. मळ्यातील प्रयोगात मीठ नियमितपणे त्याच स्त्रियांच्या स्वयंपाकात जात होते. खेड्यात विकत घेणे, वापरणे आणि टिकवणे हे सगळे घराच्या मर्जीवर होते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला पदार्थ आणि घरात पोहोचलेला पदार्थ यांत हा फरक नेहमीच राहणार.

बंगळुरूचे डॉ. अनुरा कुर्पाड आणि दिल्लीचे डॉ. एच. पी. एस. सचदेव यांच्यासारख्या संशोधकांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. रक्तक्षय मोजण्याची पद्धत आणि मर्यादा तपासून घ्याव्यात; प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो; आणि गरज नसलेल्यांच्याही पोटात सरसकट लोह घालणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. महाराष्ट्रात तर त्याला ठोस चेहरा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. २०१८ च्या नियमांत लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर थॅलेसेमिया आणि सिकलसेल रुग्णांसाठी सूचना छापणे बंधनकारक होते. तज्ज्ञांच्या समितीने धोक्याचा पुरावा नसल्याचे म्हटल्यावर २०२४ मध्ये ती सूचना काढण्यात आली. शास्त्रीय मुद्दा समजण्यासारखा आहे: रक्ताच्या एका पिशवीतून रुग्णाच्या शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, तांदळातले त्याच्या तुलनेत किरकोळ. तरीही रेशनवर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबाला दुसरा तांदूळ निवडायची सोय नसते. ज्याला निवड नाही, त्याला माहिती मिळण्याचा अधिकार अधिक आहे.

बी-१२ चा प्रश्न पुण्याच्या संशोधनाने जगापुढे आणला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती आणि त्यांची मुले यांचा माग ठेवला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्या मातांमध्ये बी-१२ सर्वांत कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. पुढच्या मधुमेहाची ही पूर्वखूण मानली जाते. बी-१२ वनस्पतीत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. शाकाहारी, आणि दूधही बेताचेच असलेल्या घरातील बाईला नुसते फॉलिक आम्ल देत राहणे म्हणूनच अर्धवट ठरते. तांदळात दोन्ही घटक एकत्र घालण्याचा निर्णय या दृष्टीने बरोबर आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या मातांनी पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेतले, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती.

त्या निरीक्षणातून मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक मोठी चाचणी उभी राहिली. विवाहित तरुण स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला. तुलनेच्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांच्या सरासरी वजनात सगळ्यांचा मिळून फारसा फरक पडला नाही, पण ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतला त्यांच्या बाळांचे वजन वाढले. गर्भारपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. कोणतीही पूड न मिसळता, बाजारातल्या भाजीने हे साधले.

भाकरीच्या मुलखासाठी आणखी एक वाट आहे: लोह पिठात मिसळण्याऐवजी दाण्यातच पिकवणे. हैदराबादजवळची इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून ‘धनशक्ती’ हा अधिक लोह असलेला बाजरीचा वाण आला. तो शेतकऱ्याने पेरला की बियाण्यापासून भाकरीपर्यंत कुठेही कारखाना लागत नाही, आणि कोपऱ्यावरची गिरणी अडसर राहत नाही. महाराष्ट्रातील किशोरवयीन मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी सहा महिने दिली, तेव्हा त्यांच्या लोहाच्या साठ्यात सुधारणा झाली. आधी लोह कमी असलेल्यांना त्याचा फायदा विशेष झाला. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि खानदेशातील मुलींसाठी रेशनच्या तांदळापेक्षा ही बाजरी अधिक उपयोगी ठरण्याची शक्यता आहे. तिचे बियाणे आणि तिला हमखास खरेदी मिळवून देणे ही कामे मात्र अजून तांदळाच्या योजनेइतक्या ताकदीने झालेली नाहीत.

गुणसंवर्धित अन्न घराघरांत सारखे पोहोचते, पण ताटाताटांत नाही. जो जास्त भात खातो त्याला जास्त लोह मिळते आणि गरज सर्वांत कमी असलेला पुरुष बहुधा तोच असतो. म्हणून या योजनांचे यश किती टन तांदूळ वाटला यावर मोजणे चूक आहे. निवडक तालुक्यांत, ठरलेल्या स्त्रियांचे शिरेतील रक्त घेऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ दर दोन वर्षांनी तपासले जावे, आणि भाताचा प्रदेश, भाकरीचा प्रदेश व सिकलसेलचा पट्टा यांचे आकडे वेगवेगळे जाहीर व्हावेत. १७,०८२ कोटींच्या योजनेला हा खर्च जड नाही.